डिकीतली वाळू

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ६.५०

आजपासून रोजनिशी. यापूर्वी चार वेळा सुरू केली होती, पण तेव्हा आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडणार आहे. वही फक्त माझ्यासाठी आहे, त्यामुळे इथे नम्रपणा दाखवायची गरज नाही.

विषय: कंपनीची नवीन हायब्रिड गाडी. छोटी, पाच माणसांची. हायब्रिड म्हणजे इंजिन आहेच, पेट्रोलची टाकी आहेच, वर मोटर आणि त्या मोटरची चाळीस किलोची बॅटरी. गाडी तेवढीच, बिऱ्हाडं दोन. या बॅटरीला जागा कुठे द्यायची ते आमच्या विभागाने ठरवायचं. म्हणजे तसं पाहिलं तर मीच.

साहेब मार्चअखेर रिटायर होतायत. १६ मार्चला मोठ्या साहेबांसमोर रिव्ह्यू. ज्याची मांडणी पास होईल तो आमच्या साहेबांच्या खुर्चीत बसणार. साहेबांनी असं स्पष्ट सांगितलेलं नाही. मी विचारलं तेव्हा ते बघू म्हणाले. पण ज्या सुरात बघू म्हणाले त्यातच सगळं आलं.

संकल्प: रोज लिहिणे. रोज सकाळी अर्धा तास चालणे. मीटिंगमध्ये दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चालणं सोमवारपासून. मध्येच शुक्रवारी काय सुरू करायचं.

आज पहिली मीटिंग. विभागात एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. कामाला बरी आहे, पण सारखे प्रश्न विचारते. मी मनातल्या मनात तिला प्रश्नपत्रिका म्हणतो. तिची मांडणी अशी: बॅटरी आडवी करून मागच्या सीटखाली. वजन खाली राहतं, गाडी वळणावर झुकत नाही, मागून कोणी ठोकलं तर बॅटरी वाचते वगैरे. पुस्तकी बडबड.

ती बोलायला लागली आणि टाकीवाला उठला. कारण सीटखाली टाकी असते, आणि बॅटरी आली की टाकी सात लिटरने लहान. मग सीटवाला उठला. कारण गादी पातळ होते. मग सायलेन्सरवाला उठला, त्याचं काहीच जात नव्हतं पण सगळे उठलेत तर आपण का बसा. अर्धा तास नुसती हमरीतुमरी, तीही पाच-पाच मिलिमीटरसाठी.

मग मी शांतपणे माझी मांडणी ठेवली. बॅटरी उभी करायची आणि मागच्या सीटच्या पाठीला पाठ लावून डिकीत ठेवायची. टाकीला धक्का नाही, गादीला धक्का नाही. कोणाचीही हरकत नाही! कारण आमच्या ऑफिसात सीटचा माणूस आहे, टाकीचा आहे, सायलेन्सरचा आहे, अगदी आरशांचा आहे. डिकीचा माणूस नाही. डिकीला कोणी वाली नाही. ही गोष्ट पंचवीस वर्षांत एकाच्याही लक्षात आली नव्हती.

प्रश्नपत्रिकेने विचारलं, मग सीट दुमडून सामान ठेवता येणार नाही ना सर? मी म्हणालो, सीट बसायला असते. सगळे हसले. तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं राहून गेलं, पण मला पुढचं माहीत होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चालायला निघालो होतो. बूट सापडले नाहीत.

आज दुसरा मास्टरस्ट्रोक. गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय नेहमीची छोटी बॅटरीही असते. दिवे, हॉर्न, कुलपं सगळं तिच्यावर. ती बॉनेटखाली इंजिनच्या गरमीत शिजत पडते. मी तिलाही डिकीत आणली. स्टेपनीच्या खड्ड्यात. स्टेपनी काढली, तिच्याजागी पंक्चरचा फेस भरायची बाटली. दोन्ही बॅटऱ्या एका घरात, एका वायरिंगवर.

आणखी दोन गोष्टी उडवल्या. डिकीला चावीचं भोक: रद्द. आजकाल चावी कोण वापरतं, बटण दाबलं की उघडते. दुसरं, बॉनेटखाली बॅटरी चार्ज करायला जे तारेचं टोक देतात तेही रद्द, कारण बॅटरीच तिथे नाही तर टोक कशाला. वजन वाचलं तीनशे ग्रॅम. साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, हं. साहेब क्वचितच हं म्हणतात.

प्रश्नपत्रिका टेबलाशी आली. म्हणे सर, छोटी बॅटरी उतरली तर डिकी कशी उघडायची? मी म्हणालो, बॅटरी उतरणार नाही. ती म्हणाली, पण उतरली तर? मी म्हणालो, अगं बाई, आभाळ पडलं तर काय करायचं याचं ड्रॉइंग काढतेस का तू? ती जागेवर जाऊन मेल टाइप करायला लागली. पटलं बहुतेक.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कागदावर कोणीही शहाणा असतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून मी प्रयोग घरच्या गाडीवर करायचं ठरवलं. एक महिना माझ्या मांडणीसह जगून दाखवायचं. रिव्ह्यूत सांगायला: मी स्वतः वापरली आहे.

प्लायवुडची पेटी बनवली, बॅटरीच्या मापाची. आत चाळीस किलो वाळू. मागच्या सीटच्या पाठीमागे उभी करून पट्ट्यांनी आवळली. प्रामाणिकपणासाठी स्टेपनीही काढून गॅलरीत ठेवली, तिच्याजागी फेसाची बाटली. बायको वरून बघत होती. म्हणाली, आईंची खुर्ची?

हे लिहायला हवं: आईचा पाय डिसेंबरात मोडला, बाथरूममध्ये घसरून. आठवड्यातून तीनदा फिजिओकडे जाते, व्हीलचेअरसकट. ही सकाळी घेऊन जाते, दुपारी शाळेत शिकवायला. खुर्ची घडी करून डिकीत जायची. आता मोजलं तर जात नाही. अकरा सेंटिमीटरने जात नाही.

पण मागची सीट चांगली तिघांची आहे. आई एका बाजूला, घडीची खुर्ची शेजारी. बेल्ट लावला की झालं. हिला पटवून दिलं. ही म्हणाली, आयजीच्या जिवावर बायजी उदार. म्हण इथे लागू पडत नाही असं मी म्हणालो.

आईला सांगितलं, ऑफिसचं महत्त्वाचं काम आहे. आई म्हणाली, हो का, बरं. आईचा पूर्ण पाठिंबा आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

पहिली फेरी, मीच चालवली. एकटा. गाडी झकास. मागे वजन असल्यामुळे मागची बाजू जरा बसली आहे, रस्त्याला धरून चालल्यासारखी वाटते. बोगद्यातून दिवे लावून येताना समोरून येणारे चौघे-पाच जण लाइट मारून गेले. गाडीत काहीतरी वेगळं आहे हे लोकांना बरोबर कळतं. मीही त्यांना हात केला.

वाळू थोडी सांडते. शर्ट खराब झाला.

१८ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ९.१५

बॅटरी गरम होते, तिला पंखा लागतो. तो गाडीतलीच हवा ओढतो. म्हणून पेटीत एक छोटा पंखा बसवला, जाळी मागच्या सीटच्या खांद्याशी. आज आईला फिजिओकडे मी सोडलं, कारण ही म्हणाली की एकदा तुम्हीच जा. निरीक्षण वहीत नोंदवलं: पंख्याचा आवाज नगण्य. मी पुढे बसलो होतो.

वाटेत आईशी बोलायचा प्रयत्न केला. तीन वेळा काय रे, काय रे म्हणाली. तिचे कान एकदा दाखवून आणायला हवेत.

पोहोचल्यावर खुर्ची बाहेर काढताना चाकाचा चिखल आईच्या कपड्यांना लागला. ओला टॉवेल सोबत ठेवावा, अशी सूचना युजर मॅन्युअलमध्ये घालता येईल.

चालणं: फिजिओच्या पायऱ्या दोनदा चढलो. हेही चालणंच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

हिच्याशी किरकोळ मतभेद. म्हणाली, भाजी, माझी पर्स, आईंची पिशवी, शाळेच्या वह्या, सगळं पायाशी ठेवावं लागतं, ब्रेक मारला की बटाटे क्लचखाली येतात. मी समजावलं की डिझाइन म्हणजे तडजोड असते, प्रत्येकाने थोडं थोडं सोडायचं. ती म्हणाली, तुम्ही काय सोडलंत? मी विचार केला. म्हणालो, शनिवार. अख्खा शनिवार पेटी बनवण्यात गेला.

मग म्हणाली, एवढीच ठेवायची असेल तर तुमच्या सीटखाली ठेवा. तांत्रिकदृष्ट्या मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पुढच्या सीटखाली बॅटरी ठेवतात काही जण. बसून पाहिलं. गुडघे स्टिअरिंगला लागतात. शक्य नाही.

संकल्प: घरच्यांशी कामाबद्दल बोलायचं नाही. गाढवापुढे वाचली गीता. ही ओळ हिच्या हाती पडता कामा नये. वही ऑफिसच्या बॅगेत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ९.४० ला हिचा फोन. फिजिओच्या वाटेवर पंक्चर. मी म्हणालो, उत्तम! म्हणजे फेसाच्या बाटलीची चाचणी होईल. ती म्हणाली, बाटली कुठे आहे? मी म्हणालो, पेटीच्या मागे, खाली. ती म्हणाली, पेटी हलत नाही. मी म्हणालो, हलणार नाहीच, नीट आवळली आहे. मग ती काही बोलली ते ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नाही.

दोन तास रस्त्याच्या कडेला. आई गाडीतच. अपॉइंटमेंट हुकली, हिचा शाळेचा पहिला तासही. शेवटी कोणीतरी रिक्षावाल्याने मदत केली. लोक चांगले असतात.

निष्कर्ष: बाटली दुसऱ्या बाजूला ठेवावी. बाकी मांडणी निर्दोष. जेवताना आईने ताट अर्ध्यावर सारलं. मी विचारलं पाय कसा आहे, तर आहे म्हणाली.

३ मार्च, मंगळवार

मेव्हण्याचा फोन होता. बोलता बोलता सांगून टाकलं की एप्रिलपासून विभागप्रमुख. तो म्हणाला, ऑर्डर निघाली? मी म्हणालो, औपचारिकता बाकी आहे. आता त्याने त्याच्या बायकोला सांगितलं, तिने हिला सांगितलं, आणि ही मला विचारते की मला कधी सांगणार होतात. हिला सरप्राइज आवडत नाही.

दुपारी साहेब जेवायला गेल्यावर त्यांची केबिन टेपने मोजली. कपाट खिडकीशी येतंय, ते उजेड अडवतं. साहेबांना वीस वर्षांत सुचलं नाही. मी मोजत असताना प्रश्नपत्रिका फाइल ठेवायला आली. म्हणाली, सर, मदत करू का? टेपचं दुसरं टोक धरलं. तशी मनाने वाईट नाही. माझ्या हाताखाली तिला चांगलं वळण लागेल.

६ मार्च, शुक्रवार

आई आज फिजिओला जाणार नाही म्हणाली. दोन दिवस बरं वाटतंय म्हणे. ही म्हणाली, बरं वाटत नाहीये, गाडीत बसायला नको म्हणून सांगतायत. हिची सवयच आहे दुसऱ्याच्या तोंडी स्वतःचं मत घालायची. आईला मी सरळ विचारलं, बरं वाटतंय ना? आई म्हणाली हो. विषय संपला.

संकल्प: रिव्ह्यू झाला की आईला स्वतः घेऊन जायचं. दर सोमवारी. निदान महिन्यातून एक सोमवार.

११ मार्च, बुधवार

नमुना गाडी तयार! आमच्या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी केली. हे गृहस्थ तीस वर्षं हातात पाना घेऊन आहेत, कमी बोलतात. सगळं बसवून झाल्यावर डिकी बंद केली, बटणाने उघडली, परत बंद केली. मग म्हणाले, चावीचं भोक पाडून ठेवू का, आपलं असावं म्हणून. मी म्हणालो, मिस्त्री, जमाना बदलला. ते म्हणाले, जमाना बदलला तरी बॅटरी बॅटरीच असते साहेब. जुन्या माणसांना नव्याची भीती वाटते. चालायचंच.

एकच खटकलं. उघडल्यावर डिकी लहान दिसते. आहेच लहान, पण दिसायला नको. उपाय सुचला: आत चारी बाजूंना पांढऱ्या लाइटच्या पट्ट्या. उजेडात जागा दुप्पट वाटते. डिकी उघडताक्षणी झगमगाट दिसावा, एका सेकंदाचाही उशीर नको, म्हणून मधलं स्विच काढून पट्ट्या थेट छोट्या बॅटरीला जोडून घेतल्या. मिस्त्री काहीतरी पुटपुटले. मी ऐकलं नाही, घाईत होतो.

१३ मार्च, शुक्रवार. रात्री ९.३०

गाडी पुसून, झाकून, हॉलमध्ये उभी. कुलूप. आता थेट सोमवारी. पट्ट्या आत लखलखतायत, फटीतून उजेड दिसतो. देव्हाऱ्यासारखं वाटलं.

प्रश्नपत्रिकेचा मेल आला आहे. विषय: छोटी बॅटरी, चौथ्यांदा. उघडला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन धडा वाचू नये.

भाषण पाठ. पहिलं वाक्य: साहेब, ही नुसती डिकी नाही, हा एक विचार आहे.

हिने विचारलं, आणि नाही झालं तर? मी म्हणालो, घोडामैदान जवळच आहे. मग उठून भाषण पुन्हा तीनदा म्हटलं. पाठांतर म्हणून.

१६ मार्च, सोमवार. सकाळी ७.००

नवा शर्ट. आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, होऊ दे बाबा एकदाचं. एवढी आतुरता मी तिच्या आवाजात पूर्वी कधी ऐकली नव्हती.

१६ मार्च. दुपारी २.१०

बाथरूममध्ये बसून लिहितोय. दाराला कडी आहे.

सविस्तर: मोठे साहेब आले, सोबत सहा जण. झाकण ओढलं. पहिलं वाक्य बोललो. बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मोठे साहेब म्हणाले, विचार उघडत नाहीये का?

सगळे हसले. मीही हसलो.

शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ पट्ट्या चालू. छोटी बॅटरी ठार. तिला चार्ज द्यायचा तर ती डिकीत. डिकी उघडायची तर बटणाला वीज हवी, वीज छोट्या बॅटरीत. बॉनेट उघडून टोकाला तार जोडावी तर टोक मीच उडवलेलं. चावी लावावी तर भोक नाही. मागची सीट दुमडून आतून जावं तर पाठीमागे मोठी बॅटरी भिंतीसारखी उभी. मी म्हणालो, म्हणजे चोरापासून किती सुरक्षित आहे बघा. या वेळी कोणी हसलं नाही.

मी सीटवरून आत हात घालून पाहिला. हात पंख्याच्या जाळीपर्यंत जातो. तिथे अडकला. तो सोडवायला सीटवाला आणि टाकीवाला दोघे लागले. टाकीवाल्याने गरजेपेक्षा जास्त जोर लावला असं माझं मत आहे.

मग मिस्त्री आले. खिशातून खडू काढला, डिकीवर एक गोल काढला आणि ड्रिल लावलं. पंधरा मिनिटं हॉलमध्ये दुसरा आवाज नाही. ज्या जागी चावीचं भोक असतं, बरोबर तिथेच. तार आत घालून खटका ओढला. डिकी उघडली. आत अंधार.

मोठ्या साहेबांनी विचारलं, गिऱ्हाइकाला गाडीबरोबर हे ड्रिलही द्यायचं का? मी नोंद करून घेतली. मग लक्षात आलं, ड्रिल ठेवायला डिकीत जागा नाही.

प्रश्नपत्रिकेला बोलायला सांगितलं. ती माझ्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. स्वतःची मांडणी सांगितली, सीट बावीस मिलिमीटर वर येते तेही सांगितलं, टाकी लहान होते तेही सांगितलं. स्वतःच्याच उणिवा कोण असं मोठ्याने सांगतं? मला वाटलं, संपली ही. मोठे साहेब मात्र पुढे सरकून बसले.

१६ मार्च. संध्याकाळी ६.४५

निकाल अजून जाहीर नाही. आशेला जागा आहे. एखाद्या अपघातावरून मांडणी ठरवत नसतात. मुळात चूक पट्ट्यांची आहे, मांडणीची नाही. हॉलमध्ये शनिवार-रविवार कोणीतरी फेरी मारायला हवी होती. शिवाय मिस्त्रींना माहीत होतं तर ते मोठ्याने का नाही बोलले? कानात पुटपुटून काय उपयोग.

ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग जरा वेळाने चहा आणून ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून गेली. त्याने जास्तच वाईट वाटलं.

१७ मार्च, मंगळवार

सुट्टी टाकली. पेटी काढली. एकतीस दिवस. चाळीस किलो वाळू बादलीने खाली नेताना तीन वेळा थांबलो. चालण्याचा संकल्प पाळला असता तर बरं झालं असतं. स्टेपनी जागेवर बसवली. खुर्ची डिकीत ठेवून पाहिली. गेली.

२० मार्च, शुक्रवार

ऑर्डर निघाली. बॅटरी मागच्या सीटखाली. विभागप्रमुख: ती.

मेव्हण्याने फोन केला, अभिनंदन करायला. उचलला नाही.

राजीनामा लिहायला घेतला. पहिला मसुदा चार पानांचा झाला, त्यात कंपनीचा इतिहास आला. दुसरा दोन पानांचा. तिसरा दोन ओळींचा. तो खिशात ठेवला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलीच्या हाताखाली काम? सोडून जाईन तेव्हा कळेल यांना किंमत.

आईला सांगितलं की मी प्रमुख झालो नाही. रडू आलं. नववीनंतर पहिल्यांदा आईसमोर रडलो. तिने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, जाऊ दे रे, पेटी गेली ना.

२३ मार्च, सोमवार

तिने केबिनमध्ये बोलावलं. खिशात राजीनामा. ठरवलं होतं, उभ्याउभ्या ठेवायचा आणि एक वाक्य बोलून निघायचं. वाक्य पाठ होतं.

ती म्हणाली, सर, बसा. मी बसलो. म्हणाली, मी जानेवारीतच साहेबांना सांगितलं होतं की तुम्हाला प्रमुख करा. मला ड्रॉइंग काढायला आवडतं, मीटिंगा नकोत. साहेब काय म्हणाले विचारलं. बघू म्हणाले, म्हणे.

वाक्य विसरलो.

मग म्हणाली, एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही. मनात म्हटलं, आलं वळणावर. ती म्हणाली, सीटखाली बॅटरी ठेवली तरी गाडीत कोणाला ना कोणाला त्रास होणारच. पण बॅटरीबरोबर जगणाऱ्या माणसांना नेमकं काय होतं याची आपल्याकडे एक ओळही नाही. अख्ख्या कंपनीत फक्त तुमच्या घराने एकतीस दिवस ते केलंय. तर मला रिपोर्ट द्या. तारीख, कोणाला, काय त्रास. बस एवढंच. शुक्रवारपर्यंत.

मी म्हणालो, त्याची नोंद आहे माझ्याकडे. रोजच्या रोज. ती एकदम खूश झाली. म्हणाली, मला वाटलंच होतं सर.

मी म्हणालो, हो मॅडम. तोंडून निघून गेलं. तिलाच कसंतरी झालं, फाइल चाळायला लागली. राजीनामा खिशातच राहिला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रिपोर्टचे रकाने आखले.

२४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५.००

ही वही समोर घेऊन बसलो. १४ फेब्रुवारीपासून एक-एक पान वाचत त्रासाच्या नोंदी उतरवायला लागलो. वाचून संपली. त्रास म्हणून लिहिलेली नोंद एकच सापडली: १५ फेब्रुवारी, मला, शर्ट खराब झाला.

पुन्हा पहिल्यापासून वाचली. पंख्याच्या दिवशी आईने तीन वेळा काय रे विचारल्याचं आहे. कान दाखवायला हवेत असं पुढे आहे. पंक्चरच्या दिवशी लोक चांगले असतात असं आहे. लाज वाटली. अगदी सरळ लाज वाटली, दुसरं काही म्हणता येणार नाही त्याला.

उठून आईकडे गेलो. विचारलं, आई, त्या पेटीचा तुला काही त्रास झाला का? तिने टीव्ही बंद केला. मी म्हणालो, आठवत नसेल तर राहू दे. म्हणाली, न आठवायला काय झालं? तू विचारलं नव्हतंस. मग बस म्हणाली, आणि हिलाही आतून हाक मारली.

ही हात पुसत आली आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, तारखेसकट हवंय ना?

संध्याकाळी ६.४०

पाच पानं झाली. पेनची रिफिल बदलली. अजून पहिलाच आठवडा चालू आहे.